मुद्दल राखायचं, व्याज खायचं : बोरिवलीच्या जंगलातून शिकण्यासारखं



दर अंकात आपण कर्ज, हप्ता, काजू-कोकमाचे भाव असे विषय घेतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, फिरायला जाण्याचा. आणि फिरायला जायचं ते जंगलात, तेही मुंबईच्या. बैठकीत हा विषय काढला की पहिला प्रश्न हमखास येतो, "मुंबैत खयचा गो जंगल?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "रानात काय फिरूचा? ता आमचा रोजचाच!"

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. नांदगाव, फोंडा, कणकवली या पट्ट्यातल्या बाईला रान नवीन नाही. पण आपण रानात जातो ते कामाला. हातात कोयती असते आणि येताना डोक्यावर भारा असतो. पातेरा गोळा करायचा, काजू वेचायचे, गुरं बघायची, उशीर झाला म्हणून धावत घरी यायचं. रानात बसून नुसतं बघितलंय, असं शेवटचं कधी झालं? बहुतेकींना आठवत नाही.

आपल्या घराघरातलं कोणी ना कोणी मुंबईला आहे. लेकीच्या बाळंतपणाला, दिराकडे लग्नाला, डॉक्टरकडे दाखवायला आपण मुंबईला जातोच. तिथे महिनाभर राहून बऱ्याच जणी एका खोलीत टीव्हीसमोर बसून परत येतात. बोरिवली, कांदिवली, दहिसर, भांडुप, मुलुंड, ठाणे या भागांत आपले चाकरमानी भरपूर. त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर एक मोठं जंगल उभं आहे, आणि कित्येकदा त्यांनीही ते बघितलेलं नसतं.

तिथे कसं जायचं, काय बघायचं ते या लेखात सांगते. त्याचबरोबर ते जंगल एवढ्या गर्दीत टिकलं कसं, हेही सांगते. कारण तो प्रश्न आज आपल्या दारात आहे. सामाईक डोंगरावरची झाडं उक्ती द्यायची का, रस्त्यालगतची जमीन विकायची का, ही बोलणी आपल्या गावागावांत चालू आहेत.

केवढं आहे हे जंगल?

त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी माणसं 'बोरिवली नॅशनल पार्क'च म्हणतात. क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भाषेत 25 हजार एकरांहून जास्त. पश्चिमेला दहिसरपासून गोरेगावपर्यंतची वस्ती, पूर्वेला भांडुप-मुलुंड, उत्तरेला ठाणे आणि घोडबंदर. चारही बाजूंनी इमारती आणि मधे हिरवा डोंगर.

'उद्यान' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारंजं आणि घसरगुंडी येते. तसा भाग दरवाजाजवळ थोडा आहे. बाकी सगळं खरं रान आहे. ऐन, पळस, सावर, पांगारा, बहावा, साग, करंज, कारवी, ही सगळी तुमच्या ओळखीची मंडळी. पक्ष्यांच्या अडीचशेच्या वर जाती तिथे नोंदल्या गेल्यात. चितळ, सांबर, रानडुक्कर, माकडं आहेत आणि बिबटेही आहेत. बिबट्यांचं पुढे सविस्तर सांगते.

पाण्यासाठी राखलेला डोंगर

मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव. तिथे 25 हजार एकर मोकळे राहिले कसे? त्याचं एक मोठं कारण पाणी.

या जंगलात दोन तलाव आहेत, विहार आणि तुळशी. मुंबईला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा इंग्रजांच्या काळात ते बांधले. विहार 1860 मध्ये पुरा झाला, तुळशी 1879 मध्ये. डोंगरावर पडलेला पाऊस उतारावरून तलावात येतो. त्या उतारावर वस्ती झाली, गुरं चरली, झाडं तुटली, तर पाण्याबरोबर घाण आणि माती तलावात येणार. म्हणून तलावांचं पाणलोट क्षेत्र राखून ठेवलं गेलं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून झाडी राखली आणि त्या झाडीमुळे पुढे राष्ट्रीय उद्यान उभं राहू शकलं.

आज मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. भातसा, तानसा, वैतरणा हे मोठे तलाव लांब ठाणे, पालघर आणि नाशिककडे आहेत. शहराच्या हद्दीतले मात्र हे दोनच, विहार आणि तुळशी. सातांत हे सगळ्यात लहान, पण अजून पाणी देतात. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ हा डोंगर लोकांना पाणी पाजतोय, आणि त्यासाठी त्याला कोणी कापावं लागलेलं नाही.

दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चारही नद्या याच डोंगरातून निघतात. 26 जुलै 2005 च्या पुरामुळे मिठीचं नाव आपल्यापर्यंत पोचलं. जंगलात या नद्या आपल्या व्हाळासारख्या नितळ असतात. वस्तीत शिरल्या की त्यांचे नाले होतात. एकाच नदीचा वरचा भाग आणि खालचा भाग बघितला की झाडी काय काम करते ते वेगळं समजवावं लागत नाही.

आपल्याकडेही हे बघता येतं. ज्या वाडीच्या वर राई शाबूत आहे, तिथला व्हाळ कुठपर्यंत वाहतो आणि जिथे डोंगर बोडका झाला तिथला कधी आटतो, याचा हिशेब पाणी भरणारीलाच जास्त ठाऊक असतो.

कान्हेरीच्या दगडावर लिहिलेली ठेव

उद्यानाच्या आत, मुख्य दरवाजापासून साधारण सहा किलोमीटरवर कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. काळ्या कातळात कोरलेली शंभराच्या वर लेणी. दोन हजार वर्षांपूर्वी काम सुरू झालं आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं तिथे भिक्खूंची वस्ती होती. पावसाळ्यात तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, असा नियम. त्यांच्या राहण्याच्या खोल्या, ध्यानाची जागा, मोठा चैत्य, सगळं कातळातच.

तिथे गेलात तर दोन गोष्टी मुद्दाम बघा.

पहिली म्हणजे पाण्याची सोय. लेण्यांजवळ कातळात पाण्याची टाकी खोदली आहेत. त्यांना पोढी म्हणतात. वरच्या उतारावर बारीक चर कोरलेत. पावसाचं पाणी त्या चरांतून घरंगळत टाक्यात येतं. आज आपण पागोळीचं पाणी साठवण्याच्या योजनेचे अर्ज भरतो. तेच काम त्या लोकांनी छिन्नी-हातोड्याने करून ठेवलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतींवरचे लेख. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, त्यामुळे आपल्याला वाचता येत नाहीत. पण अभ्यासकांनी वाचून ठेवलेत. कोणी काय दान दिलं, याच्या त्या नोंदी आहेत. कल्याण, सोपारा अशा गावांच्या व्यापाऱ्यांची दानं आहेत. आणि दान देणाऱ्यांत बायकाही आहेत, भिक्खुणी आहेत तशा संसारी बायकाही आहेत. काहींनी लेणं खोदून दिलं, काहींनी पोढी.

आता गटाच्या सचिव आणि कोषाध्यक्ष ताईंनी नीट वाचा. काही लेखांत 'अक्षयनीवी' असा शब्द येतो. अक्षय म्हणजे न संपणारी, नीवी म्हणजे मुद्दल. दानशूर माणूस एकदाच एक रक्कम किंवा शेत देई. त्या मुद्दलाला हात लावायचा नाही. त्याचं जे व्याज किंवा उत्पन्न येईल त्यातून भिक्खूंची वस्त्रं, पायताण यांचा खर्च भागवायचा. बोरिवलीजवळच्या मागाठाण्याचं शेत असं दिल्याचा उल्लेख तिथल्या लेखात आहे. मागाठाणे आजही आहे, तिथून बेस्टच्या बस सुटतात.

आपण गटात जे शिकवतो तेच हे. बचत मोडायची नाही, ती फिरवायची आणि व्याजावर गट मोठा करायचा. जो गट दिवाळीला सगळी बचत वाटून घेतो, तो पुढच्या वर्षी पुन्हा शून्यावर येतो.

डोंगराचंही तसंच आहे. उभं जंगल हे मुद्दल. पाणी, पातेरा, रानभाजी, मध, सावली, फिरायला येणारा पाहुणा हे त्याचं व्याज. झाडं उक्ती दिली की रक्कम एकदम हातात येते, मोठी दिसते, पण ते मुद्दल मोडलेलं असतं. पुढच्या वर्षी व्याज कुठून येणार?

तिथे करायचं काय?

फिरायचं, बघायचं, बसायचं, एवढंच. मुंबईकर यासाठी पैसे भरून येतात. पहाटे चालायला येणाऱ्यांची तर रोजची गर्दी. साठी-सत्तरीच्या बायका ग्रुपने येतात, चालतात, झाडाखाली बसून हसतात. डॉक्टर आपल्याला सांगतात "रोज चाला", तेव्हा आपण म्हणतो, दिवसभर चालतोच की! पण भारा घेऊन चालणं आणि हात मोकळे सोडून चालणं यात फरक आहे. एकाने पाठ धरते, दुसऱ्याने पाठ सुटते.

मुलांसाठी 'वनराणी' नावाची छोटी रेल्वेगाडी होती. 2021 च्या मे महिन्यात ज्या तौक्ते वादळाने आपले माड आणि आंब्याची झाडं आडवी केली, त्याच वादळात तिच्या रुळांचं नुकसान झालं आणि ती बंद पडली. नातवंडांना कबूल करण्याआधी ती आता चालू आहे का, ते विचारून घ्या. वाघ-सिंहांची सफारी बंद गाडीतून असते. ते प्राणी कुंपणातले, मोकळ्या जंगलातले नाहीत.

ज्यांना खरं रान बघायचंय त्यांच्यासाठी पायवाटा आहेत. शिलोंडा ही त्यातली प्रसिद्ध वाट, ओढ्याच्या काठाने जाणारी. पण अशा वाटांवर मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. उद्यानातल्या निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी लागते आणि बरोबर माहितगार माणूस असतो. तो झाडं दाखवतो, पक्षी ओळखायला शिकवतो, कोणाच्या पावलांचे ठसे आहेत ते सांगतो.

इथे जरा थांबून विचार करा. शहरातली शिकलेली माणसं पैसे देऊन जे शिकतात, ते तुम्हाला आधीच येतं. कुड्याची शेंग कुठली, टाकळा कधी खुडायचा, फागलं कुठल्या कुंपणावर मिळतं, पाऊस कधी उघडणार, हे तुम्ही शाळेत शिकला नाहीत. "आमका काय येता?" असं बैठकीत म्हणणाऱ्या मावशीला वीस-पंचवीस रानभाज्या तोंडपाठ असतात.

कारवीचंच बघा. आपल्याकडे कुडाच्या भिंतीला कारवी वापरायचे. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. बोरिवलीच्या जंगलात 2016 मध्ये फुलली, मग 2024 मध्ये. तेव्हा जांभळे डोंगर बघायला लोकांची झुंबड उडाली. पुढची फूल 2032 च्या सुमारास यायची. ज्या काठीला आपण भिंतीत लिंपतो, तिचं फूल बघायला लोक रजा काढून येतात.

बिबट्याबरोबर राहणं

2018 साली कॅमेरे लावून मोजणी केली तेव्हा हे उद्यान आणि लगतचा भाग मिळून 47 बिबटे मिळाले. एवढ्या दाटीच्या शहराला चिकटून इतके बिबटे जगात फार कमी ठिकाणी असतील.

तिथे वाईट काळही येऊन गेला. 2002 ते 2004 या वर्षांत हल्ल्यांत बरीच माणसं गेली. त्या काळात दुसरीकडे पकडलेले बिबटेही या जंगलात आणून सोडले जात होते. जुन्नर भागात झालेल्या अभ्यासातून पुढे कळलं की बिबट्याला पकडून अनोळखी जागी सोडलं तर तो बिथरतो आणि त्रास वाढतो. मग वन विभागाने पद्धत बदलली. पकडून दुसरीकडे सोडणं कमी केलं आणि लोकांना समजावण्यावर भर दिला. 2011 पासून अभ्यासक, नागरिक आणि वन विभाग यांनी मिळून वस्त्यांमध्ये हे काम केलं. त्यांनी सांगितलेली साखळी सोपी आहे : कचरा पडला की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून पहिलं काम कचरा उचलण्याचं.

आपल्याकडेही बिबट्या आहे. काजूच्या बागेत, वाडीच्या कडेला, रात्री रस्त्यावर दिसल्याच्या बातम्या येतात. म्हणून तिथल्या वस्त्यांना सांगितलेल्या या गोष्टी आपणही पाळायच्या :

• कोंबडीची पिसं, माशाचा कचरा, उरलेलं अन्न वाडीच्या तोंडावर टाकू नका. खड्ड्यात पुरा.
• गुरं, शेळ्या रात्री बंद गोठ्यात. नुसत्या दावणीला बांधून उघड्यावर नाही.
• तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटं बाहेर सोडू नका. बाहेर जायचंच तर बॅटरी हवी, दोघी-तिघी मिळून, बोलत किंवा मोबाइलवर गाणं लावून. आवाज आला की बिबट्या बहुतेक वेळा आपणहून बाजूला होतो.
• रानात वाकून किंवा बसून काम करताना आलटून पालटून एकीने उभं राहून लक्ष ठेवावं. बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं.
• बिबट्या दिसला तर धावू नका, पाठ फिरवू नका. उभं राहून हळूहळू मागे या. त्याला वाट मोकळी ठेवा.
• दिसला म्हणून गाव गोळा करून, काठ्या घेऊन त्याला घेरू नका. मोबाइलवर फोटो काढायला पुढे जाऊ नका. घेरलेलं जनावरच अंगावर येतं.
• वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. गुरू मारलं असेल तर ते न हलवता लगेच कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

बोरिवलीच्या जंगलातले वारली लोक वाघोबाला देव मानतात, त्याची ठाणी आहेत. आपल्याकडेही काही गावांत वाघबारस पाळतात. भीती आणि मान दोन्ही धरून राहायचं, ही जुन्या माणसांची रीत होती.

जंगलातली माणसं आणि त्यांचा वाटा

या उद्यानात पाडे आहेत. वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी अशी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या तिथे राहतात. तुम्ही गेलात तर वाटेवर काकडी, पेरू, बोरं, करवंदं विकणाऱ्या बायका भेटतील. त्यांच्याशी बोला. त्या आपल्यासारख्याच आहेत.

पण त्यांचं सगळं सोपं नाही. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की कायदा कडक. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथून लाकूड, चारा आणायला बंदी असते. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. बाहेरून येऊन झोपड्या बांधलेले आणि मूळचे पाड्यावरचे, यात कोण कुठे बसतं आणि कोणाचं पुनर्वसन कुठे व्हायचं, यावरून पाड्यांवरचे लोक कित्येक वर्षं झगडतायत. पाणी, वीज, पक्कं घर, सगळ्यासाठी खेपा.

हे सांगते ते एवढ्यासाठी की जंगल राखलं म्हणजे जवळ राहणाऱ्यांचं भलं आपोआप होतं, असं समजू नका. मुद्दल राखलं तरी व्याज कोणाच्या खात्यात जमा होणार, हे आधी ठरवावं लागतं. गटात आपण ठराव करतो, सह्या घेतो, तसंच.

हे ठरवून केलेलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवन सफर चालवतात. स्वतः होडी वल्हवतात, पाहुण्यांना कांदळवनाची झाडं, पक्षी, खेकडे दाखवतात. कांदळ तोडून सरपण करण्यापेक्षा ते उभं ठेवून दाखवण्यात कमाई आहे, आणि ती कमाई गटाच्या हातात राहते. अभ्यास सहल काढायची तर पहिली वेंगुर्ल्याला काढा, दुसरी बोरिवलीला.

सहल ठरवायची तर

पैशाचं आधी. पंधरा जणींच्या गटाने महिन्याला 50 रुपये वेगळे काढले तर महिन्याचे 750 आणि वर्षाचे 9,000 होतात. हा 'सहल निधी' बचतीत मिसळू नका, वहीत वेगळं पान करा. एवढ्यात सगळा खर्च भागणार नाही, पण गाडीभाड्याला चांगला हातभार लागेल. राहायचं आपल्याच माणसांकडे.

गाडी : नांदगाव रोड किंवा कणकवलीहून मुंबईला गाड्या आहेतच. 2024 पासून वांद्रे-मडगाव गाडी आठवड्यातून दोन दिवस चालते. ती बोरिवलीला थांबते आणि इकडे कणकवलीला. तिकीट लवकर काढा. गणपती, होळी, मे महिना टाळा.

पोचायचं कसं : बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरा. दरवाजा पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून आहे, चालत पंधरा-वीस मिनिटं. ज्यांचे पाय दुखतात त्यांनी रिक्षा करावी.

वार : सोमवारी उद्यान बंद असतं. रविवारी फार गर्दी. मंगळवार ते शुक्रवार बरं.

ऋतू : नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. पावसाळ्यात रान सुंदर दिसतं, पण कातळ निसरडे होतात आणि ओढ्यांना अचानक पाणी येतं. पाण्यात उतरायचं नाही. विहार आणि तुळशी तलावांवरही जायला मनाई आहे.

आत : कान्हेरीपर्यंत जायला वाहन मिळतं, भाड्याने सायकलीही मिळतात. दर आणि वेळा बदलतात, त्या दरवाजावर विचारा. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं. वर चढायला पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालच्या मोठ्या चैत्यापर्यंत जाऊन बसा, तेवढं पुरे.

बरोबर : ओळखपत्र, पाणी, चांगल्या पट्ट्याची चप्पल किंवा बूट, टोपी किंवा पदर, घरची भाकरी-चटणी. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा, पण आपली नऊवारी काष्ट्याची असेल तर उत्तमच! प्लास्टिक नेऊ नका, नेलंत तर परत आणा. माकडांसमोर पिशवी उघडू नका आणि त्यांना खायला देऊ नका. एकदा सवय लागली की ती माणसाच्या हातातलं ओढतात.

आणि एक नियम सगळ्यात महत्त्वाचा. तिथून काहीही आणायचं नाही. "हां, हयसर शेवगो बरो दिसता, फांदी घेतंय" असं चालणार नाही! रोप नाही, बी नाही, फूल नाही. फक्त बघून यायचं.

घरात विचारतील, "कामं टाकून फिरायला?" तर सांगा, हो, फिरायला. वर्षाचे एक-दोन दिवस बाईने स्वतःसाठी घेतले तर घर कोसळत नाही. आणि गटाबरोबर जातेय, एकटी नाही, हेही सांगा. ज्या घरात परवानगी मिळणं कठीण, त्या घरी अध्यक्ष ताईंनी एकदा स्वतः जाऊन बोलावं. पहिल्या सहलीला हे करावं लागतं, दुसऱ्या वेळी लागत नाही.

परत आल्यावर

परत आलात की आपल्या राईकडे पुन्हा एकदा बघा. आपल्या जिल्ह्यात देवाच्या नावाने राखलेल्या राया आहेत, तिथे कोयती चालवत नाहीत. सगळं रान सरकारचं नाही. बराचसा डोंगर खाजगी आणि सामाईक आहे. म्हणजे निर्णय मंत्रालयात नाही, आपल्या घरात आणि ग्रामसभेत होतो. सातबाऱ्यावर बाईचं नाव असेल तर तिची सही लागते. कसली सही करतोय ते वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय ती करू नका. झाडं उक्ती मागायला आलेला माणूस घाईत असतो, आपण घाईत असायचं कारण नाही.

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. गावातली झाडं, औषधी, रानभाज्या, प्राणी यांची लोक जैवविविधता नोंदवही तिने ठेवायची असते. ही नोंद करायला तुमच्याइतकं माहितगार कोणी नाही.

म्हणून येत्या मासिक बैठकीत, हप्ते जमा झाल्यावर, अर्धा तास या तीन गोष्टींना द्या आणि कार्यवृत्तात लिहून घ्या :

1. आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आहे का? तिच्यात आपल्या गटातलं कोण आहे? नसेल तर पुढच्या ग्रामसभेत कोण विचारणार?
2. आपल्या वाडीच्या वरची झाडी कोणाच्या नावावर आहे आणि ती तोडायचं बोलणं कुठे चालू आहे का?
3. सहल निधी सुरू करायचा का? महिन्याला किती?

उत्तरं ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या. तीन-चार गटांनी तयारी दाखवली की तारीख ठरवू आणि तिकिटं एकत्र काढू. भारा न घेता रानात चालणं कसं असतं, ते एकदा सगळ्या मिळून बघूया.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, नांदगाव